ठोक्याचा तक्ता

हॅलो?… हां, बोल. … अगं ताईच बोलतेय, माझ्या फोनवर दुसरं कोण असणार! … नाही. नाही केलं पास तुझं पॅकेज. … नाही केलं म्हणजे नाही केलं. तू आधी श्वास घे.

तो आवाज? ड्रिलचा. स्वयंपाकघरात सुतार आलाय, कपाटाचं दार निखळलं होतं. थांब, आतल्या खोलीत जाते. … हां, आता बोल. आणि तू इतकी हळू का बोलतेयस? … बाबा मागच्या खोलीत आहेत? मग असू देत की. आपण काय चोरी करतोय? … बरं बरं. हळू बोल, पण कळेल असं बोल.

हो, पाच वाजता दार बंद होतं, माहितीये. तो नियम मीच वाचून दाखवला होता तुला. पाचनंतर आमच्या लिनक्सच्या नव्या आवृत्तीत सुईसुद्धा आत जात नाही. … आत्ता? चार वाजून पाच. … हो गं, आणि पुढची आवृत्ती दोन वर्षांनी. तेही माहितीये. मला घाबरवू नकोस, मी आधीच घाबरलेली आहे.

अगं ऐक ना. … ऐक! तुझी बहीण आहे म्हणून डोळे मिटून सही करू? … तेच मी तपासणीच्या पहिल्या ओळीत लिहिलंय, की हे पॅकेज माझ्या धाकट्या बहिणीने बनवलंय. म्हणून तर माझ्या एकटीची सही पुरत नाही. मी हो म्हटलं की दाढीवाला बघणार, मग त्याची सही. … दाढीवाला म्हणजे आमचा दुसरा तपासनीस. सांगितलं होतं की तुला. तो बसलाय तिकडे नखं खात.

काय काय चुकलंय ते वाचू? … वाचते. मध्ये बोलायचं नाही.

पॅकेजचं वर्णन. तू लिहिलंयस, 'ठोक्याचा ड्रायव्हर.' … अगं, ठोक्या म्हणजे काय ते जगात कुणाला कळणार! … तू शिकवतेस त्या अंधशाळेत कळतं, आपल्या घरात कळतं, संपलं. … मुलांनी नाव ठेवलंय, ठाऊक आहे मला. ठोके मारतो म्हणून ठोक्या. नाव राहू दे, नावाबद्दल माझी तक्रार नाही. पण खाली लिही ना, की कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारा प्रिंटर आहे, कंपनी बंद पडलीये, त्यामुळे ड्रायव्हर आपणच लिहिलाय. … तीन ओळी गं! तीन ओळींनी हात झिजतात का?

मग ते परवानगीचं. तुझं पॅकेज बसवलं की कॉम्प्युटरची सगळी यूएसबी दारं सताड उघडी पडतात. … नाही, फक्त ठोक्याचं नाही. सगळी! कुणीही यावं, काहीही जोडावं. … 'नाहीतर चालत नव्हता' हे काय कारण झालं? किल्ली सापडेना म्हणून तू भिंत पाडलीस. … ठोक्याचा नंबर टाक आणि फक्त त्याच्यापुरतं दार उघड. ओळ पाठवलीये मी, जशीच्या तशी चिकटव.

आणि बदलांच्या नोंदीत तू काय लिहिलंयस? … आठव. … मी सांगते. 'थोडंफार नीट केलं.' … हसतेयस काय! मी दाढीवाल्याला काय सांगू, थोडं केलं की फार केलं?

— अहो सुतारदादा! दोन मिनिटं थांबवता का ते? … धन्यवाद हं.

हां. चिकटवलीस? … तिन्ही केलंस? बघ, दहा मिनिटांचं काम होतं आणि दोन आठवडे माझ्याशी भांडलीस. … तेवढंच नाही ना. तेवढंच असतं तर मी केव्हाच सही केली असती. आता खरं काय ते ऐक.

मी काल कोऱ्या मशीनवर तुझं पॅकेज बसवलं. … कोरी म्हणजे कोरी. आत्ताच लिनक्स टाकलेली, कुणाचा हात न लागलेली. आम्ही अशीच तपासतो. स्वतःच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर तपासणं म्हणजे स्वतःच स्वतःचे पेपर तपासणं. … बसलं, व्यवस्थित बसलं. मग चालवायला गेले तर म्हणतं, तक्ता सापडत नाही. … तक्ता! ठिपक्यांचा तक्ता. कोणत्या अक्षराला किती ठोके, दोन ठोक्यांमध्ये किती थांबायचं, तो.

तुझ्याकडे चालतं. चालणारच! तुझ्या लॅपटॉपमध्ये तो तक्ता बाबांनी कधीकाळी हाताने टाकून ठेवलाय. ड्रायव्हर तिथून गुपचूप उचलतो. पॅकेजमध्ये तो नाहीच आहे. … नाहीये गं, तीनदा उघडून बघितलं. उद्या एखाद्या लांबच्या शाळेने हे बसवलं तर त्यांचा ठोक्या नुसता दिवा लावून बसून राहील.

… गप्प का झालीस?

… हॅलो?

तुला माहिती होतं.

… तू मुद्दाम वगळलास. … अगं मुद्दामच की! विसरली असतीस तर आत्ता 'अय्या' म्हणाली असतीस. मी काय आज ओळखते का तुला? … का? … पाठव मला ती फाइल. … नाही, आत्ता पाठव. मी वाट बघते. चार वाजून सतरा झालेत.

— काय हो? … हँडल? डावीकडे. … अहो, मग दार कुठल्या बाजूने उघडणार? … थांबा, आलेच. — तू पाठव गं, मी आलेच.

— हे काय केलंत! … अहो दादा, इथे भोक कशाला पाडलंत? मी खुणा करून ठेवल्या होत्या ना पेन्सिलीने. … 'मला वाटलं' कसं? मी घरातच आहे ना? मला विचारायचं तरी! विचारायला काय जीभ झिजते? … नाही नाही, आता राहू दे. बिजागरी तरी सरळ लावा.

हां, आले. … कुणावर? सुतारावर. मला न विचारता नव्या कोऱ्या दाराला भलतीकडेच भोक पाडून ठेवलंय. … काय म्हणालीस? … मी अजिबात बाबांसारखी बोलत नाही. … नाही बोलत! … बरं, फाइल आली. उघडते.

…

अच्छा. म्हणून वगळलास होय.

वाचू? … तुला पाठ असेल, तरी वाचते. 'हा तक्ता कोणीही वापरावा. मात्र यात बदल करण्याआधी किंवा पुढे कोणाला देण्याआधी मला विचारावे.' खाली बाबांचं नाव. त्याच्याखाली घरचा जुना फोन नंबर. … आणि तारीख.

तारीख बघितलीस का तू? … बाबा माझ्याशी शेवटचं बोलले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

… नाही, रडत नाहीये. धूळ आहे इथे, सुतार लाकूड घासतोय.

अगं, नाही चालत. … ऐक तरी. ज्याच्यावर 'आधी मला विचारा' लिहिलंय ते आम्हाला आत घेताच येत नाही. … उदार आहे, मान्य आहे. 'कोणीही वापरावा' म्हटलंय, तेही मान्य. पण आमच्याकडे जे येतं ते उचलायची, बदलायची, पुढे द्यायची मोकळीक सगळ्यांना असावी लागते, कुणाला न विचारता. हा पहिला नियम आहे. यात थोडंफार चालत नाही.

… ती ओळ खोडून टाकू? तू शुद्धीवर आहेस ना? दुसऱ्याच्या फाइलवरची त्याची ओळ मी खोडायची? मी? एकदा केलं तेवढं पुरे नाही झालं?

… हो, तेच बोलतेय. चार वर्षांपूर्वी मला वाटलं होतं, एवढं छान काम घरात पडून राहतंय, दुनियेला मिळू दे. तक्ता नेटवर टाकला. ना बाबांचं नाव, ना लायसन्स, ना काही. आणि कुणीतरी उचलला, स्वतःचं नाव लावलं आणि मशीनबरोबर विकायला काढला. … मला ठाऊक आहे ते काय म्हणाले होते. दीड वर्ष त्या प्रिंटरला कान लावून बसले होते ते, एकेक ठोका मोजत. आणि त्यांना कळलं कुठून, तर दुसऱ्याच्या जाहिरातीतून. … 'विचारायला जीभ झिजली असती का?' हेच म्हणाले. हेच शेवटचं. त्यानंतर सगळं तुझ्यामार्फत. 'ताईला सांग औषध लागू पडलं.' 'ताईला सांग बिल भरलं.' तू म्हणजे आमच्या घरातली टपालपेटी झालीस.

मग मी हे काम का धरलंय असं वाटतं तुला? दर आठवड्याला लोकांची पॅकेजं परत पाठवते. यावर नाव नाही, त्याला लायसन्स नाही. लोक मला शिव्या घालतात. घालू देत.

… नवीन तक्ता? कोण बनवणार? पस्तीस मिनिटांत? … आणि त्यांचाच बघून बनवला तर तो त्यांचाच झाला की. वेड पांघरू नकोस.

… अगं… अगं छोटे, रडू नकोस. … मला ठाऊक आहे. कॉम्प्युटरवाले सर सुट्टीत सगळी मशीन्स पुसून नवीन आवृत्ती टाकणार. दरवेळी टाकतात. … हो, मागच्या वेळी ठोक्या तीन महिने मुका होता. … आणि आता बाबांचा हात थरथरतो, त्यांना पुन्हा सगळं हाताने बसवणं जमणार नाही. … कोण, ती सातवीतली? … भूगोलाचा पेपर? … दुसऱ्याने वाचून दाखवायचा आणि तिने ऐकून उत्तरं सांगायची. आणि वाचणाऱ्या बाई अर्धा नकाशा गाळून पुढे गेल्या. … तिला कळलंच नाही की प्रश्न सुटला? … कसं कळणार. बोटाखाली कागदच नाही.

… हो. हो गं. मला दगड समजतेस का?

किती वाजले? चार सत्तावीस.

… एकच उपाय आहे. ज्यांनी ती ओळ लिहिलीये त्यांनीच ती काढायची. … तू नको सांगूस. तू सांगितलंस तर तेही तुझ्यामार्फतच होईल. … दे त्यांना फोन. … मी म्हणतेय ना, दे! … काम करताहेत म्हणजे काय करताहेत? … शाळेचा ठोक्या घरी आणून त्याला तेल घालताहेत? मग उलट बरंच आहे, हात अडकलेले आहेत, फोन आपटता येणार नाही. स्पीकरवर टाक आणि जवळ धर. … जा.

…

… हॅलो?

बाबा?

… मी.

… हो. मीच.

… नाही, इकडे सगळं ठीक आहे. … आवाज? सुतार आहे. कपाटाचं दार बसवतोय. … कोणता बिट? मला काय माहीत ड्रिलला कोणता बिट लावलाय. … विचारते. — सुतारदादा, बिट कितीचा लावलाय हो? — सहाचा म्हणतोय. … चारचा हवा होता? तुम्हाला तिथून आवाजावरून कळलं? … हो, स्क्रू धरणार नाही, कळलं. आणि एक भोक तर चक्क भलतीकडेच पाडलंय. … नाही, विचारलं नाही त्याने. … हो बाबा. लोक विचारत नाहीत.

…

बाबा, मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय.

… हो, तेव्हाच विचारायला हवं होतं. … चुकलं. … काय? … चुकलं म्हणतेय, माझं चुकलं. मोठ्याने बोलतेय, आता ऐकू आलं ना? … नाही, पॅकेजसाठी नाही म्हणत. चार वर्षं रोज म्हणतेय, फक्त फोन लावून म्हटलं नव्हतं. … बरं, नका विश्वास ठेवू. पण ऐका.

छोटीने ठोक्याचं पॅकेज बनवलंय. … तुम्हाला माहिती आहे? … दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं! आणि ती बिचारी मघापासून कुजबुजतेय. … बरं. मग तक्त्याचंही ऐकलं असेल. तक्ता तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय मी तो आत घेणार नाही. दोन वर्षं थांबावं लागलं तरी नाही. पण नुसती मला परवानगी देऊन भागत नाही बाबा. ती ओळच काढावी लागते. 'मला विचारावे' ही.

… रागावू नका. … ऐका ना. … बाबा, मला एक वाक्य पूर्ण करू द्या! … हं. समजा कुठेतरी एक शाळा आहे. त्यांच्याकडेही असाच म्हातारा प्रिंटर आहे, पण कागद जाड आहे. तक्त्यात दोन आकडे बदलावे लागतील. त्यांनी तुम्हाला फोन लावला. … हो, तुम्ही सांगाल, तासभर सांगाल, जेवण सोडून सांगाल. पण तो नंबर घरच्या जुन्या फोनचा आहे, तो कधीच बंद झालाय. … नवीन नंबर घालाल. ठीक. आणि तुम्ही उचलला नाहीत तर? … कधीच उचलला नाहीत तर?

… हो.

… हो बाबा, तेच म्हणतेय. तुम्ही म्हणालात म्हणून, मला तो शब्द उच्चारवत नव्हता. … दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, ठोक्या चालू आणि विचारायला तुम्ही नाही. मग त्या मुलांनी काय करायचं?

… नाव? नाव राहणार! नाव तर राहायलाच पाहिजे. … नाही, ती अट चालते. ती एकच अट मी स्वतः घालायला सांगतेय. ज्याने ज्याने हा तक्ता घेतला, बदलला, विकला, त्याला तुमचं नाव ठेवावंच लागेल. काढलं तर तो चोर. … मागच्या वेळी हेच राहिलं होतं. मी तुमचं नावच लिहिलं नव्हतं. विचारलं नाही ते एक, आणि नाव नाही ते दुसरं. तुम्हाला कशाचा जास्त राग आला होता?

…

… नाव नव्हतं त्याचा. मला वाटलंच होतं.

नाही, मी नाही लिहायचं. तुम्हीच लिहा. मजकूर मी छोटीला पाठवते, चार ओळींचा आहे. तुम्ही वाचा, पटला तर वरची ओळ काढून तो घाला आणि तुमच्या पत्त्यावरून मला पाठवा. … तिला टाइप करायला देऊ नका, तुम्ही करा. … एका बोटाने तर एका बोटाने. तेलाचे हात आधी पुसा.

… चार एकेचाळीस. नाही, घाई नाही. म्हणजे आहे. पण वाचूनच करा. न वाचता सही केलीत तर मीच परत पाठवीन.

…

छोटे, तूच आहेस ना आता? … काय करताहेत? … चष्मा शोधताहेत! अगं डोक्यावर असेल. … होता ना? … आता? … अजून पहिलीच ओळ? … वाचू दे. वाचू दे त्यांना. तोवर तू मला सांग, सरांनी काल एक लॅपटॉप पुसून नव्या आवृत्तीची चाचणी प्रत टाकली म्हणालीस ना? … शाळेचा निळा? घरीच आहे? मग तोच आपला कोरा. त्यात काही घातलं नाहीस ना? … शपथ घे. … बरं. ठोक्याला जोडून ठेव. माझ्याकडे प्रिंटर नाही, शेवटची तपासणी तिकडेच होणार.

दाढीवाल्याचा निरोप आलाय. 'येतंय का काही?' … येतंय म्हणून सांगितलं. देव जाणे काय येतंय.

… चार सत्तेचाळीस. … काय करताहेत? … थांबले? का थांबले? … अगं बघ तरी! … विचारात पडलेत. … नाही, मध्ये बोलू नकोस. एकही शब्द बोलू नकोस.

— नको हो दादा, चहा नंतर. तुम्ही घ्या, दूध ओट्यावर आहे.

… आलं! मेल आलं. थांब, उघडते. … ती ओळ काढलीये. नाव आहे. लायसन्स बरोबर आहे, एकही काना इकडचा तिकडे नाही. … छोटे, त्यांनी खाली आणखी एक ओळ घातलीये. … 'चालला तर कळवावे.'

अरे देवा.

… काय म्हणजे काय? ही अट आहे! … अगं, अट असेल तर पुन्हा तेच झालं. वापरणाऱ्याने कळवायचंच, नाही कळवलं तर वापरायचं नाही. नाही घेता येत. … नुसती इच्छा असेल तर घेता येतं. पण ते त्यांनी तसं लिहायला हवं. … दे, पुन्हा दे त्यांना.

बाबा. … मिळालं. उत्तम लिहिलंय. खरंच. … फक्त शेवटची ओळ. ही अट आहे की विनंती? … फरक आहे हो! अट असेल तर सगळं अडतं, विनंती असेल तर जातं. … मी शब्दांचा कीस नाही काढत, माझं कामच ते आहे. … नाही, मला कळतंय. ठोक्या कुठे कुठे चालतोय ते तुम्हाला कळावं, एवढंच ना? … मग विनंती आहे. … 'कळवावे म्हटलं की समजतं' असं नाही. तुम्ही जन्मात कुणाला विनंती केल्याचं मला आठवत नाही, म्हणून विचारतेय. … हसू नका. … नाही, हसा. हसा.

… पण तोंडी नाही चालत, लिहा. पत्राच्या शेवटी लिहितात ना, तसंच. … हो. बरोबर. … चार बावन्न. … 'ही', मग जागा सोडा, मग 'विनंती'. … व-ला पहिली वेलांटी. … सांगत नाही, सांगत नाही. तुम्ही लिहा.

…

आलं.

'चालला तर कळवावे, ही विनंती.'

… बाबा, छोटीला सांगा, पॅकेजमध्ये घाल आणि पाठव. पळ म्हणावं.

… हां छोटे, मिळालं. बनवतेय. … बनलं. आता निळ्यावर तू तेच बसव, अगदी तेच. … बसलं? … काहीतरी छाप. … काहीही गं! त्या मुलीचा भूगोलाचा पेपर आहे ना तुझ्याकडे? तोच छाप. … चार चौपन्न.

… काय झालं? … का नाही होत? … वायर? … अगं, वायर बघ! … बाबा काय म्हणताहेत? … मागची खुंटी? दाबायची? … मग दाबा ना!

…

… ऐकू आलं.

… ऐकू आलं गं, फोन जवळ नेऊ नकोस, कान फुटेल! … थांबू नको देऊ, पूर्ण पान होऊ दे. … कागद घे. बोट फिरवून बघ. … नकाशाचा प्रश्न आहे? अख्खा? … वाच. … हो. … हो, पुरे, पुरे.

सही केली. … दाढीवाला बघतोय. … बघतोय अजून. … परवानगीची ओळ बघितली, वर्णन बघितलं. लायसन्सपाशी थांबलाय. … विचारतोय, शेवटच्या ओळीचा अर्थ काय. … सांगितलं. … छप्पन्न. … सत्तावन्न.

… केली त्याने.

गेलं आत, छोटे. … आत गेलं! … अगं ओरडू नकोस, कान फुटेल म्हटलं ना! … आता रड, हवं तेवढं रड. माझा घसा बसलाय आणि दोन आठवड्यांचा सगळा राग अजून तसाच आहे. तो तक्ता लपवल्याबद्दल तुला वेगळा फोन करणार आहे, आज नाही. … बाबांना दे.

… बाबा?

चालला. … हो, तुमच्या समोरच चालला, तुमच्याच हाताखाली. मलाही इथपर्यंत ऐकू आला. तरी कळवतेय. … विनंती होती ना तुमची. … पहिली मीच कळवतेय, लिहून ठेवा.

…

… कोण, सुतार? चहा पितोय. … ते भोक? आहे तसंच आहे, भलतीकडे. नवीन दार होतं हो. … काय करू? … थांबा, पेन्सिल घेते. … काडेपेटीच्या काड्या. गुल काढून. … गोंदात बुडवून भोकात ठोकायच्या, वाळल्या की घासून सपाट. … किती वेळ वाळू द्यायचं? … रात्रभर? … बरं. … आणि मग नवीन भोक चारच्या बिटने. … कळलं.

बुजेल म्हणताय?

… बरं. आजच करून बघते. … नाही, त्याच्याकडून नाही, स्वतः करते. … हो. जमलं तर उद्या सकाळी कळवते. … छोटीला नाही. तुम्हाला.

… ठेवते बाबा.